शिरढोणहून एडनला : एका जन्मठेपेची गोष्ट

मागच्या महिन्यात आपण जुन्या काळातल्या पाणवठ्यांबद्दल बोललो. आज विषय पाण्याचाच आहे, पण काळ्या पाण्याचा.

नागोठण्याहून एसटीने पनवेलला निघालं की वडखळ येतं, पेण येतं, खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल लागतो. पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो. खिंड ओलांडली की चिंचवण आणि मग शिरढोण. त्याच्यापुढे पळस्पे फाटा. आपल्यापैकी कितीजणी या रस्त्याने दवाखान्याला, माहेरी, मुलांच्या परीक्षेला गेल्या असतील. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक आहे हे बहुतेकींना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात 'आद्य क्रांतिकारक' म्हणून एक धडा असतो, त्यात बंड असतं, पकडणं असतं आणि शेवटी एक ओळ असते : त्यांना जन्मठेपेची शिक्षा देऊन एडनला पाठवण्यात आलं. आम्हाला आज त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचं आहे. एखाद्या माणसाला समुद्रापलीकडे पाठवून द्यायचं, या शिक्षेत नेमकं काय होतं? आणि ती शिक्षा नक्की किती जणांना व्हायची?

आधी माणूस कोण ते थोडक्यात सांगतो. वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, शिरढोणचा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. नातवाने इंग्रजी शिकून मुंबईत आणि मग पुण्यात सरकारी नोकरी धरली. लष्कराच्या हिशेबखात्यात ते कारकून होते. म्हणजे सुरुवात अगदी आपल्या घरातल्या मुलांसारखीच, गावाकडून शहरात नोकरीला गेलेला मुलगा. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि कुस्ती शिकले. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढणाऱ्यांत भावे आणि इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांचंही नाव घेतात.

मग आई आजारी पडली. गावाहून निरोप आला. साहेबाकडे रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धाला पुन्हा रजा मागितली, तीही नाकारली. हे ऐकताना आपल्या गटातल्या कंपनीत जाणाऱ्या मुलींनी मान हलवली असेल, खात्री आहे. रजा नाकारणं ही कागदावर एका ओळीची गोष्ट असते, पण ती माणसाच्या मनात आयुष्यभर राहते.

पण एकट्या रजेमुळे कोणी बंड करत नाही. त्याच्यामागे दुष्काळ होता आणि सावकारी होती. बचत गटातल्या बायकांना हा भाग दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल, म्हणून इथे जरा थांबू.

घाटावर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतसारा रोखीने भरायचा असे. हातात रोकड नाही, म्हणून सावकाराकडे जायचं. सावकार कर्जखतावर अंगठा घ्यायचा. व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, पुन्हा अंगठा. खत वाचता कुणाला येतं? कोर्टात मात्र खत चालायचं, तोंडी बोललेलं चालत नव्हतं. शेवटी मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं बाहेर काढली आणि जाळली. मग गावोगाव तेच झालं. लोकांचा राग किती नेमका होता पाहा, त्यांना दागिना नको होता, कागद हवा होता. आपण दर बैठकीला वही मोठ्याने वाचून दाखवतो, कुणी कितीचा हप्ता दिला ते सगळ्यांसमोर बोलतो. त्याचा कंटाळा करणाऱ्या ताईंनी सुप्याची ही हकीगत लक्षात ठेवावी.

आणि त्यानंतर लगेच, १८७६ ला, पाऊस गेला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ दख्खनभर होता, लाखो माणसं मेली. सरकारने खडी फोडायची, रस्त्याची कामं काढली. दुष्काळाचा खर्च आवरायला कलकत्त्याहून सर रिचर्ड टेम्पल नावाचे साहेब पाठवले. त्यांनी मजुरीचा दर ठरवला : धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे आपलं साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला त्यात किती भाकऱ्या होतील आणि त्यातून पोराला किती द्यायची, हा हिशेब टेम्पल साहेबांना कुणा बाईने सांगितला असता तर बरं झालं असतं. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराविरुद्ध काम बंद ठेवलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. तेच टेम्पल साहेब १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

वासुदेव बळवंत या काळात गावोगाव फिरले आणि त्यांनी उपासमार डोळ्यांनी पाहिली. पुढे त्यांनी जे आत्मचरित्र लिहिलं त्यात हे दुःख आहे. रामोशी समाजातल्या माणसांना बरोबर घेऊन फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरकडच्या धामारी गावावर त्यांनी पहिला छापा घातला. उद्देश पैसा गोळा करून सैन्य उभं करण्याचा. सैन्य काही उभं राहिलं नाही. सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं, त्यांनी उलट गव्हर्नर टेम्पल यांच्या डोक्यावर बक्षीस लावलं. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून आपल्या कोकणात आले आणि पळस्पे व चिखली इथे मोठे दरोडे पडले. आपण जिथे बस बदलतो तोच पळस्पे फाटा. परत वर चढताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव मारले गेले.

आमचं स्पष्ट मत आहे की दरोड्याला दरोडाच म्हणावं. पळस्प्याच्या त्या घरांतही बायका-पोरं होती आणि त्या रात्री ती घाबरून बसली असतील. वासुदेव बळवंतांनाही लुटीच्या वाटणीचा वीट आला होता. ते मधल्या काळात सगळं सोडून श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, तिथेच आत्मचरित्र लिहिलं. नंतर निजामाच्या मुलखात रोहिले आणि अरब जमवण्याची खटपट केली. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावडगी गावात, देवळात झोपलेले असताना, डॅनियलने त्यांना पकडलं.

पकडलं जाईपर्यंत किती महिने गेले ते मोजा. फेब्रुवारी ते जुलै, पाच महिने. इतके दिवस पोलीस, फौज, बक्षीस, सगळं मागे असताना माणूस कसा राहतो? डोंगरात माणूस लपला तरी त्याला रोज खावं लागतं. कुणीतरी भाकरी दिली, कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं, कुणीतरी 'इकडून कोणी गेलं नाही' असं पोलिसाला सांगितलं. ती भाकरी कुणाच्या चुलीवर भाजली असेल ते आम्ही सांगायला नको. त्या चुलीवाल्यांची नावं खटल्यात आली नाहीत आणि पुस्तकातही नाहीत.

आता खटला. तो पुण्याला चालला. त्यांचीच रोजनिशी आणि आत्मचरित्र सरकारने त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवलं. त्यांचं वकीलपत्र घ्यायला गणेश वासुदेव जोशी पुढे आले, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. त्या वातावरणात हे धाडसाचं काम होतं. या काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली होती. दीडशे वर्षांपूर्वी बायकांनी एकत्र बसून बोलण्याची ती जागा, म्हणून हे नाव आम्ही मुद्दाम इथे घेतलं. नोव्हेंबर १८७९ मध्ये निकाल लागला : जन्मभर काळं पाणी. जानेवारी १८८० मध्ये त्यांना मुंबईहून 'तेहरान' नावाच्या बोटीने एडनला नेलं.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमानचा तो मोठा तुरुंग आठवतो. पण तो सेल्युलर जेल बांधून पुरा झाला १९०६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, मार्च १८५८ मध्ये, सत्तावनच्या बंडानंतर पहिले दोनशे कैदी अंदमानला उतरवले गेले, तेव्हा तिथे रान होतं आणि ते त्यांनाच तोडायला लावलं. एडन मात्र अंदमानच्या उलट दिशेला, अरबस्तानच्या टोकाला. इंग्रजांनी ते १८३९ मध्ये घेतलं आणि त्याचा कारभार मुंबईतूनच चालायचा. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं गाव, काळे उघडे डोंगर, पाऊस जवळजवळ नाही, प्यायचं पाणी मोलाचं. हिरव्या कर्नाळ्याखाली वाढलेल्या माणसाला तिथे ठेवलं.

समुद्र ओलांडला की जात जाते, धर्म बुडतो, अशी घाटावरच्या लोकांची समजूत, म्हणून 'काळं पाणी' या शब्दाची भीती. आपल्या खाडीकाठच्या लोकांना ही भीती थोडी कमीच. कोळ्यांना समुद्र म्हणजे घर. कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष तर पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आणि पुढे आखातात. आजही आपल्या गटांत अशा ताई आहेत की ज्यांचे मालक दोन-दोन वर्षं तिकडे असतात. पण ते परत येणार असतात. फोन येतो, पैसे येतात, मुलाच्या लग्नाला सुट्टी मिळते. समुद्र तोच असला तरी जन्मठेपेच्या कैद्याला त्यावरून परतीची वाट नव्हती.

ही शिक्षा इंग्रजांनी आपल्यासाठी नव्याने शोधलेली नव्हती. आधी त्यांनी ती आपल्या शेजाऱ्यांवर, आयर्लंडवर चालवली. १७८८ पासून १८६८ पर्यंत इंग्लंड आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी जहाजांतून ऑस्ट्रेलियाला पाठवले, त्यांत सुमारे २५,००० बायका होत्या. कुणी मेंढी चोरलेली, कुणी कापडाचा तुकडा. सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर अशी शिक्षा. आणि बघा, १८४५ मध्ये, ज्या वर्षी शिरढोणला वासुदेव बळवंत जन्मले, त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. तिथल्या गरिबाचं जेवण म्हणजे बटाटा. दुष्काळ पडला, माणसं मरत होती, आणि धान्याची जहाजं बाहेर जात होती. त्या दुष्काळात काही आयरिश बायकांनी जाणूनबुजून आग लावण्यासारखे गुन्हे केले, का तर पकडून ऑस्ट्रेलियाला पाठवलं तर निदान जेवायला मिळेल. १८४८ मध्ये तिथेही तरुणांनी बंड केलं, ते फसलं, आणि पुढाऱ्यांना टास्मानिया बेटावर धाडून दिलं.

आयरिश कैदी आणि आपल्या माणसात एक मोठा फरक मात्र होता. ऑस्ट्रेलियात कैद्याची मुदत संपली की त्याला मोकळं सोडत, तिथे तो शेती करी, दुकान टाकी, आणि काहींच्या बायका-मुलांनाही नंतर तिथे जाता आलं. आजूबाजूला त्याच्यासारखेच हजारो, त्याचीच भाषा बोलणारे. एडनच्या कोठडीतल्या शिरढोणच्या माणसाला यातलं काहीच नव्हतं.

तरी त्यांनी हार मानली नाही. एका रात्री त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि तुरुंगातून बाहेर पडले. ही गोष्ट शाळेत मुलांना फार आवडते. पण नंतर काय झालं ते पाहा. सह्याद्रीत ज्या माणसाला सापडायला पाच महिने लागले, तो एडनमध्ये लगेच सापडला. ताकद तीच होती, धाडस तर जास्तच. फक्त तिथे भाकरी देणारी चूल नव्हती, 'इकडून कोणी गेलं नाही' म्हणणारी म्हातारी नव्हती, वाट विचारायला भाषा नव्हती. तुरुंगाचं दार उखडता येतं, पण अनोळखी मुलखातून बाहेर कसं पडणार? आमच्या मते काळ्या पाण्याची शिक्षा हीच होती. माणसाला मारायचं नाही, फक्त ज्यांच्या आधाराने तो माणूस असतो त्या सगळ्यांपासून त्याला तोडायचं.

१७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात ते वारले. वय सदतीस.

आता घराकडे वळू. वासुदेव बळवंतांच्या पत्नीचं नाव गोपिकाबाई. पहिली पत्नी वारल्यावर हे दुसरं लग्न. नवऱ्याने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, शिवाय तलवार आणि बंदूकही शिकवली. बायको शिकली की नवरा मरतो असं मानायचा तो काळ, त्यात ही गोष्ट लहान नाही. मग ते रानात निघून गेले आणि गोपिकाबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत आहे पण येणार नाही. कुंकू आहे पण संसार नाही. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, याचा विचार शेजारणी करणार. सरकार ज्याला बंडखोर म्हणतं त्याची बायको, म्हणून घराबाहेर पडताना लोकांच्या नजरा. आणि मग एक दिवस समुद्रापलीकडून बातमी, ना अंत्यदर्शन, ना अस्थी. कोर्टाच्या निकालपत्रात शिक्षा एकाच माणसाच्या नावे लिहिलेली असते.

ज्यांचा बंडाशी संबंध नव्हता अशा बायकांपर्यंतही त्याची झळ गेली. त्याच मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. बंडाशी त्याचा संबंध असेल असा संशय सरकारला आला आणि न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत ते दिवस लिहून ठेवले आहेत. घरी येणारी पत्रं सरकार फोडून वाचत असे, आणि बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रंही यायची, रानडे जाळ्यात सापडतात का ते बघायला. रमाबाईंनी लिहिलं म्हणून आज आपल्याला हे कळतं. गोपिकाबाईंनाही लिहिता येत होतं. पण पुस्तकांत त्यांच्या वाट्याला चार ओळी, त्याही 'त्यांनी पत्नीला शिक्षण दिले' अशा, म्हणजे पुन्हा नवऱ्याच्याच गुणाच्या.

काळ्या पाण्यावर बायकाही पाठवल्या जात, हे फार जणींना माहीत नसतं. १८६३ मध्ये पुण्यात काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस गेले, आणि त्याने हात झटकले. लाजेपोटी तिने बाळाला मारलं. कोर्टाने तिला जन्मठेप देऊन अंदमानला पाठवलं. शास्त्रीबुवा पुण्यातच राहिले. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्याच वर्षी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं : विधवांनो, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल घेऊन जा किंवा ठेवून जा. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सांगितली गेली, ती कमी होऊन काळं पाणी झालं, नंतर तेही कमी करून पाच वर्षं. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांना बोल लावले गेले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी चिडून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, १८८२ मध्ये. वासुदेव बळवंत तेव्हा एडनलाच होते.

काशीबाईचा पुतळा कुठे नाही, आणि तो असावा असंही आम्ही म्हणत नाही, कारण एक बाळ गेलं होतं. पण तिच्याबरोबर जहाजात कोण बसायला हवं होतं, हा प्रश्न आमच्या गटातल्या एका आजींनी विचारला आणि बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही शिक्षा स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात होती. १९५५ मध्ये कायदा बदलून 'काळं पाणी' काढलं आणि तिथे 'आजन्म कारावास' घातला. आता कैदी निदान देशात राहतो, भेटीचा दिवस असतो. तरी आपल्याला माहीत आहे, ज्या घरातला माणूस आत आहे त्या घरातली बाई गटात यायला बिचकते. फॉर्मवर विवाहित, विधवा, परित्यक्ता असे रकाने असतात, तिचा रकाना त्यात नसतो. हप्ता थकला तर ती आधी बैठकीला येणंच सोडते. आपल्या तीन गटांनी यावर गेल्या वर्षी ठरवलं की अशा ताईचा हप्ता सहा महिने थांबवायचा, दंड लावायचा नाही, आणि बैठक तिच्या घरी घ्यायची. पहिल्या बैठकीला चहा तिने केला, साखर आपण नेली होती.

शिरढोणला जायचं असेल तर पनवेलकडे जाणारी कोणतीही एसटी चालते. वाडा आणि स्मारक दोन्ही महामार्गापासून जवळ आहेत. मुलांना घेऊन जा, आणि गावातल्या जुन्या बायकांशी गोपिकाबाईंबद्दल बोला. ज्या काही सांगतील ते वहीत लिहून आमच्याकडे पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.